नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना विचारा, डोळे कधी तपासले? "दिवाळीत तपासले की, नवा चष्माही केला." आणखी खोदून विचारलं की कळतं, रावपुऱ्यातल्या दुकानात जाऊन नंबर काढून आले होते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि साठीनंतर तो फार महाग पडू शकतो.

नंबर काढताना प्रश्न एकच असतो: कोणत्या काचेतून अक्षर स्वच्छ दिसतं? यंत्रात हनुवटी टेकवायची, मग त्या जड गोल फ्रेममध्ये काचा बदलत लांबचा तक्ता वाचायचा, "ही बरी की ही?" याचं उत्तर देत राहायचं. काम गरजेचंच आहे. चुकीच्या नंबरामुळेही जिन्याची पायरी चुकते. पण त्यातून कळतं ते काचेबद्दल. डोळ्याच्या आत काय चाललंय, ते तक्त्याला कळत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर आत बघतात. डोळ्याचा दाब मोजतात. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा व नस पाहतात. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात; म्हणून त्या दिवशी ॲक्टिव्हा घरी ठेवा आणि कुणाला तरी बरोबर न्या. या कटकटीपायीच निम्मी माणसं ही तपासणी टाळतात, असा माझा संशय आहे.

टाळण्याची किंमत सर्वात जास्त काचबिंदूत मोजावी लागते. बडोद्यात आपण गुजराती शेजाऱ्यांकडून त्याला झामर म्हणतानाही ऐकतो. यात डोळ्याची नस हळूहळू मरते आणि नजर जाते ती आधी कडेची. सूरसागर तलावाच्या काठावर उभं राहिलं तर समोरची महादेवाची मूर्ती लख्ख दिसते, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. अशा माणसाला दुकानात बसवा, तो तक्त्याची शेवटची ओळसुद्धा वाचेल! बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही, आणि एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा ऑपरेशनने उरलेली राखता येते. डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) असतो, पण तो या मर्यादेत असूनही काहींची नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजूनही भागत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, किंवा स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

कधी नंबरच फसवतो. सत्तरीतल्या आजी अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात आणि घरात कौतुक सुरू होतं. बऱ्याचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते: डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मधोमध घट्ट होतं, नंबर मायनसकडे सरकतो, जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं बिघडतं. दुकानात गेलात तर नवा नंबर मिळेल, काही महिन्यांनी आणखी एक. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचं हा सल्लाही आता जुना झाला; रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येतं. ऑपरेशन झालं म्हणजे डोळ्यांची तपासणी संपली, असंही नाही. भिंग नवं आलं तरी पडदा आणि नस जुनीच असते.

मधुमेहाचं तसंच. साखर वर-खाली होत असताना नंबरही हलतो, म्हणून ती आटोक्यात येईपर्यंत नवा चष्मा करण्याची घाई नको. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र नजर चांगली असतानाच खराब होऊ लागतात. त्यामुळे टाइप 2 मधुमेह कळल्याबरोबर एकदा आणि पुढे साधारण दरवर्षी पडदा तपासून घ्यायचा.

एक चाचणी घरी करण्यासारखी आहे: वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाका आणि चौकटीच्या कागदाकडे पाहा. सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध डाग दिसला तर पडद्याच्या मध्यभागी बिघाड असू शकतो. दोन-चार दिवसांतच डॉक्टर गाठा. डोळा अचानक जोरात दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, किंवा एकाएकी नजर गेली, तर त्याच दिवशी.

बाकी तक्रार नसली तरी 65 नंतर वर्षा-दोन वर्षांतून एकदा आतून तपासणी हवी. चष्मेवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारा तज्ज्ञ, नंबर लावूनही अक्षर उजळत नाही हे पाहिलं की स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो. खर्चाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. शिबिराला गेलात तर एवढंच विचारा: "थेंब घालून पडदा बघणार का?" नाही म्हणाले, तर तेवढी तपासणी राहिली असं समजून वेगळी वेळ घ्या. जाताना जुना चष्मा, आधीची फाइल आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा.