इमोबिलायझर आणि मोटारीची हरवलेली चावी

इमोबिलायझर : गाडीच्या संगणकात नोंदलेली चावी जवळ नसेल, तर मोटारीचे इंजिन सुरू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बोलीभाषेत अशा चावीला ‘चिपवाली चावी’ म्हणतात. दाराचे कुलूप आणि आरडाओरडा करणारा अलार्म यांच्याशी या यंत्रणेची गल्लत होते. अलार्म चोर आल्याचे शेजाऱ्यांना सांगतो, तर इमोबिलायझर गाजावाजा न करता इंजिनाला इंधन आणि ठिणगी देण्याचे नाकारतो. चावी हरवली की आज जो खर्च आणि खटाटोप होतो, त्याच्या मुळाशी हीच यंत्रणा आहे.

पूर्वी चावी म्हणजे पोलादी पात्यावरच्या खाचा, एवढेच होते. रस्त्याकडेला छत्रीखाली बसलेला चावीवाला ती तासाभरात करून देई. महाराष्ट्रात या धंद्यात शिकलगार समाजाचे अनेक कारागीर आहेत. त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे असते. कारागीर रिंगेतल्या शेकडो चाव्यांतून नेमकी कोरी चावी निवडतो, कुलपात घालून जोर देऊन हलवतो, बाहेर काढतो आणि उजेडात तिरपी धरतो. कुलपातल्या पत्त्या जिथे टेकल्या तिथे पात्यावर बारीक ठसे उमटलेले असतात. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात, पुन्हा कुलपात, पुन्हा उजेडात. असे करता करता कुलूप फिरते. ही कला आजही वाया गेलेली नाही. चिपवाल्या गाडीचे दारही अशा चावीने उघडते. इंजिन मात्र सुरू होत नाही, कारण गाडी आता खाचांबरोबर ओळखही विचारते.

ही ओळख चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात असते. तिथे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी चपटी वडी बसवलेली असते. हाच ट्रान्सपाँडर. त्याला बॅटरी लागत नाही. स्टिअरिंगजवळच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की वेटोळ्यात साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याच ऊर्जेवर चिप जागी होते. मग सवालजवाब सुरू होतो. गाडी दर वेळी वेगळी, यादृच्छिक संख्या पाठवते. चिप स्वतःजवळच्या गुप्त संख्येच्या आधारे तिच्यावर गणित करून उत्तर धाडते. गाडीचा संगणक तेच गणित करून उत्तर पडताळतो. जुळले तर इंजिनाला परवानगी मिळते. हे सारे क्षणार्धात घडते आणि मूळ गुप्त संख्या हवेतून कधीच जात नाही. उत्तर जुळले नाही तर काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही, काहींत इंजिन एकदोन सेकंद धडधडून बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चित्र असलेला दिवा लुकलुकतो. धक्का मारूनही अशी गाडी सुरू होणार नाही.

चावीवरची बटणे हा निराळा भाग आहे. दार उघडणारा रिमोट रेडिओलहरींवर आणि छोट्या गोल बॅटरीवर चालतो. त्याचा संकेत दर दाबण्याला बदलतो, म्हणजे एकदा पकडलेला संकेत चोराला पुन्हा वापरता येऊ नये. बॅटरी संपली तर बटणे बंद पडतात, चिप चालूच राहते. ‘चावी खराब झाली’ म्हणून नवी घेण्याआधी बॅटरी बदलून पाहावी ती याचसाठी.

या कल्पनेचा प्रारंभीचा अवतार १९८६ च्या शेवरोले कॉर्व्हेट मोटारीत दिसला. तिच्या चावीत १५ ठरावीक मूल्यांपैकी एका मूल्याचा विद्युतरोध बसवलेला असे. खऱ्या अर्थाने चिप आली ती नव्वदच्या दशकात. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, कॅनडाने २००७ मध्ये तेच केले. नेदरलँड्समधल्या चोऱ्यांच्या अभ्यासात १९९५ ते २००८ या काळात या यंत्रणेमुळे मोटारचोरी सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किआच्या अनेक मोटारी इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये त्या पळवण्याची रीत समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्यांची लाट उठली. स्टिअरिंगखालचे आवरण उचकटून कुलपाचा भाग यूएसबी केबलच्या टोकाने फिरवला की काम भागत होते. चिप नसली की काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही. भारतात मारुतीच्या मोटारींमधली ‘आयकॅट्स’ नावाची यंत्रणा हा इमोबिलायझरचाच परिचित प्रकार.

चावी हरवते तेव्हा खरा प्रश्न असतो दुसरी चावी हाताशी आहे का, हा. ती असेल तर काम सोपे. सेवा केंद्रात किंवा जाणत्या चावीवाल्याकडे नव्या चावीचे पाते मशीनवर कापतात आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या खाचेला, स्कॅनर जोडून नवी चिप गाडीच्या संगणकात नोंदवतात. काही चिपांची हुबेहूब नक्कलही करता येते. बाजारात त्या ‘४६’, ‘४८’, ‘४डी’ अशा नावांनी ओळखल्या जातात.

सगळ्याच चाव्या गेल्या तर मात्र पंचाईत होते. गाडी हलत नाही, म्हणून ती टो करून न्यावी लागते किंवा कारागिराला जागेवर बोलवावे लागते. अनेक गाड्यांना नवी चिप नोंदवण्यासाठी सुरक्षा कोड लागतो. कंपनी तो चासी क्रमांकावरून, मालकीची खातरजमा करूनच देते. आरसी, ओळखपत्र आणि बहुधा पोलिसांत चावी हरवल्याची नोंद केल्याची प्रत मागितली जाते. ही कटकट वाटते, पण तिच्यात मालकाचेच हित आहे. नुसत्या चासी क्रमांकावर चावी मिळू लागली तर तो क्रमांक पुढच्या काचेतून वाचणाऱ्या कोणालाही ती मिळेल. काही मॉडेलमध्ये इमोबिलायझरचा किंवा इंजिनाचा संगणकच बदलावा लागतो आणि बिल फुगते. नव्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक कोरलेला छोटा बिल्ला अनेकदा मिळतो. त्यावरून कुलूप न उघडता पाते कापता येते. लोक तो चाव्यांच्याच जुडग्यात अडकवून ठेवतात आणि जुडग्याबरोबर घालवतात. त्याची जागा घरातल्या कपाटात, गाडीच्या कागदांपाशी.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत चावी खिशातच राहते. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी कमी वारंवारतेचा संकेत सोडून चावीला जागे करते आणि चावी रेडिओलहरींवर उत्तर देते. ‘चावी जवळ आहे’ हे गाडी संकेत पोहोचण्यावरून ओळखते, आणि चोर नेमका याचाच फायदा घेतात. एक जण घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी उभा राहतो. दोघांच्या हातातली उपकरणे संकेत पुढे पोहोचवतात आणि आत टेबलावर पडलेली चावी गाडीला शेजारी असल्यासारखी भासते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आठ कंपन्यांची दहा मॉडेल तपासली आणि दहाही या रीतीला बळी पडली. धातूचे अस्तर असलेल्या पाकिटात चावी ठेवणे हा साधा आणि परिणामकारक उपाय. संकेताला लागलेला वेळ मोजून अंतर ठरवणारे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र हा नव्या गाड्यांतला उपाय. अशा चावीची बॅटरी मेली तर घाबरू नये. तिच्या पोटात लपवलेले पाते काढून दार उघडावे आणि चावी स्टार्ट बटणाला, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, टेकवून बटण दाबावे. त्या अंतरावर चिप बॅटरीविना बोलते.

चिपांची गणितेही अभेद्य ठरली नाहीत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या गुप्त संख्येची चिप २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी फोडून दाखवली. ‘मेगामॉस’ या दुसऱ्या इमोबिलायझर चिपमधले दोष दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाच्या मनाईने अडला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणी गणिताची रीत कंपन्यांनी गुप्त राखली होती. बाहेरच्या जाणकारांनी ती आधीच तपासली असती तर हे दोष गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी सापडले असते.

भारतात गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दाव्याबरोबर गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. एक आधीच हरवलेली असेल आणि त्याची कुठेच नोंद नसेल तर दावा अडकू शकतो. म्हणून चावी हरवली त्याच दिवशी पोलिसांत नोंद करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. चावी बदलण्याचा खर्च देणारे ‘अ‍ॅड-ऑन’ कव्हरही मिळते.

नवी चावी केली म्हणून हरवलेली आपोआप बाद होत नाही. ती गाडीच्या सवालाला बरोबर उत्तर देत राहते आणि सापडणाऱ्याला गाडी सुरू करता येते. जुनी नोंद पुसायला वेगळे सांगावे लागते आणि त्यासाठी उरलेल्या सगळ्या चाव्या बरोबर न्याव्या लागतात, कारण सहसा आधी सर्व नोंदी पुसून हातातल्या चाव्या नव्याने नोंदवतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे करून घ्यावेच. पूर्वीच्या मालकाने एकच चावी आपल्याला दिली असेल तर दुसरी कोणाच्या खुंटीला लटकते आहे, हे विचारून कळत नाही. बऱ्याच गाड्यांत नोंदलेल्या चाव्यांची संख्या स्कॅनरच्या पडद्यावर दिसते. ती आपल्या हातातल्या चाव्यांइतकी आहे की नाही, हे गाडी बाहेर काढण्याआधी स्वतः पाहून घ्यावे.