दुसरा टर्बो कशासाठी आला?

हिंगणघाटहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या गॅरेजांत टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, ही रोजच्या कामातली वस्तू आहे. ट्रक, बोअरच्या गाड्या, सोयाबीनच्या हंगामात येणारे हार्वेस्टर, मोठे ट्रॅक्टर, सगळ्यांना तो असतो. 'टर्बो तेल फेकते', 'काळा धूर मारते अन् ताकद पकडत नाही' या तक्रारी ऐकल्या की मिस्त्री हवेचा पाइप काढतो आणि शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवतो. बाजूला किंचित हललं तर ठीक. आत-बाहेर हललं किंवा पात्यांच्या कडेला घासल्याचा चकाकता व्रण दिसला, तर टर्बो गेला.

याच गॅरेजांत शिकणारी पोरं मोबाइलवर सुप्रा आणि स्कायलाइन या जपानी स्पोर्ट्स गाड्या पाहतात आणि विचारतात, "मिस्त्री, गाडीले दोन टर्बो लावले त ताकद डबल होते का?" प्रश्न चांगला आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ताकद डबल होत नाही. दुसरा टर्बो ताकद दुप्पट करायला आलाच नव्हता. पाय दाबल्यापासून ताकद येईपर्यंतचा वेळ कमी करायला तो आला, आणि हे उमगायला गाडीवाल्यांना जवळजवळ पाऊण शतक लागलं.

मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. इंधनातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा सायलेन्सरवाटे फुकट जातो, हे त्याला खुपत होतं. बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची, असं पेटंट त्याने 1905 साली घेतलं. ते कामी यायला वीस वर्षं गेली. 1920च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डांझिग' या जर्मन जहाजांची डिझेल इंजिनं टर्बोमुळे 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. मधल्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी तो विमानाच्या इंजिनाला लावून पाहिला. मॉसने 1918 मध्ये पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंच डोंगरावर इंजिन नेऊन दाखवलं की विरळ हवेत हरवलेली ताकद टर्बो परत आणतो.

जहाज असो की विमान, तिथलं इंजिन तासन्तास एकाच लयीत चालतं. आपल्याकडे बोअर मारणाऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर तसाच चालतो, नांगरणीत ट्रॅक्टरही बराचसा तसाच. टर्बो एकदा वेगात आला की येतो, मग त्याला सुरुवातीला किती वेळ लागला हे कोणी मोजत नाही. वळणावर पाय सोडायचा आणि वळण संपताच दाबायचा, ही रीत फक्त रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या गाडीची. टर्बोची खरी अडचण तिथे सुरू झाली.

अमेरिकेतली 1952 सालची इंडियानापोलिस शर्यत आपल्या भागातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. कमिन्स कंपनीची टर्बो डिझेल गाडी फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत सगळ्यांत पुढे आणली. मोठमोठ्या पेट्रोल गाड्या मागे राहिल्या. पण प्रत्यक्ष शर्यतीत 71 फेऱ्यांनंतर ती थांबली, कारण ट्रॅकवरच्या टायरच्या रबराचा भुगा टर्बोच्या हवेच्या तोंडाशी जाऊन बसला होता. ज्याने जिनिंगच्या मोसमात एअर फिल्टर उघडून त्यावर बसलेला कापसाच्या तंतूंचा थर पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

विकायच्या गाड्यांत टर्बो 1962 मध्ये आला, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअरमध्ये. जेटफायरला इंजिनचं ठोकणं (तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटणं) रोखायला मिथेनॉल मिसळलेल्या पाण्याची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरायचे. ही कल्पना फार टिकली नाही.

आता त्या वेळेच्या दुखण्याकडे येऊ. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचं जड फ्लायव्हील हँडल मारून फिरवताना सुरुवातीला किती जोर लागतो, हे ज्याने केलं त्याला ठाऊक आहे. टर्बोच्या चाकाचं तेच. फरक एवढाच की या तळहातात मावणाऱ्या चाकाला मिनिटाला लाखभराहून जास्त फेरे गाठायचे असतात. त्याच घडणीचं चाक व्यासाने दुप्पट केलं तर त्याचं जडत्व दुप्पट होत नाही, 32 पट होतं. म्हणजे मोठ्या ताकदीसाठी मोठा टर्बो लावला की वाट पाहणं आलंच. त्याऐवजी तेवढीच हवा देणारे दोन लहान टर्बो लावले, तर प्रत्येकाचं चाक बरंच हलकं होतं. धूरही दोघांत वाटला जातो, त्यामुळे सगळा फायदा पदरात पडत नाही. पण बराचसा पडतो.

पोर्शने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला 917 गाडीच्या 12 सिलिंडरच्या इंजिनावर दोन टर्बो चढवले होते. 1973 ची 917/30 तर 1,100 अश्वशक्तीच्या पुढे जायची. तिथे दोन टर्बो असण्याचं एक कारण इंजिनाची मांडणी होतं. सिलिंडर दोन बाजूंना आडवे, तेव्हा प्रत्येक बाजूला एक टर्बो लावणं सोयीचं. ताकद अफाट होती, पण ती यायला वेळ लागायचाच.

माझ्या मते खरा धडा रेनोचा. फॉर्म्युला वनच्या नियमात साधं इंजिन 3 लिटरचं किंवा टर्बोवालं 1.5 लिटरचं चालत होतं. टर्बोच्या वाटेला कोणी जात नव्हतं. जुलै 1977 मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोने एका टर्बोची व्ही-6 (तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगांची) गाडी उतरवली. ती इतक्या वेळा धूर सोडत थांबायची की इंग्रज मंडळी तिला पिवळी किटली म्हणू लागली. रेनोने काम सोडलं नाही. 1979 च्या हंगामात त्यांनी एक मोठा टर्बो काढून प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांना एक, असे दोन लहान टर्बो बसवले. 1 जुलै 1979 ला दिजाँच्या ट्रॅकवर झाँ-पिएर जाबूई जिंकला. टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळं मैदान टर्बोचं झालं.

1981 मध्ये माझेरातीने बायटर्बो ही दोन टर्बोंची पहिली विक्रीची गाडी काढली. इटलीत 2 लिटरपेक्षा मोठ्या इंजिनावर कर जबर होता, म्हणून इंजिन लहान ठेवून ताकद काढायची होती. पुढे फेरारी 288 जीटीओ आणि एफ40 आल्या. पोर्शच्या 959 ने आणखी पुढचं पाऊल टाकलं. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना सगळा धूर एकाच टर्बोला द्यायचा, फेरे वाढले की झडप उघडून दुसऱ्याला जोडून घ्यायचं. 1993 च्या टोयोटा सुप्राचं 2जेझेड-जीटीई इंजिन याच रीतीचं. 1989 च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरमध्ये मात्र दोन्ही टर्बो बरोबरीने चालतात, प्रत्येकी तीन सिलिंडरांवर. तिची धुराकडची चाकं हलकी राहावीत म्हणून सिरॅमिकची होती. लोकांनी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, वाढवला आणि ती चाकं फुटू लागली, तेव्हा मोडिफाय करणारे ती काढून धातूची बसवू लागले.

गंमत म्हणजे पुढे एकट्या टर्बोनेच ही अडचण बरीच सोडवली. धूर आत येण्याच्या दोन वेगळ्या वाटा असलेला ट्विन-स्क्रोल टर्बो आला आणि 2006 साली 335आय मध्ये दोन टर्बो देणारी बीएमडब्ल्यू त्याच मालिकेच्या पुढच्या इंजिनात एकावर परतली. व्ही-8 सारख्या इंजिनांत दोन टर्बो टिकले, कारण तिथे मांडणीच तशी आहे.

तर मग साध्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला वरून दोन टर्बो चढवता येतात का? येतात. जगभर चढवतात. पण विदर्भात आधी उन्हाचा हिशेब करावा लागतो. नागपूरला मे 2013 मध्ये पारा 47.9 वर गेला होता, चंद्रपूर-ब्रह्मपुरीची तर गोष्टच वेगळी. 47 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 10 टक्के विरळ असते. तिला 1 बार बूस्टने दाबलं की ढोबळमानाने ती 145 अंशांच्या आसपास जाते. 15 अंशांची हवा तेवढ्याच दाबाला 105 च्या आसपास थांबते. ही चाळीस अंशांची तफावत इंजिनच्या ठोकण्याला आमंत्रण देते. थंड देशातल्या व्हिडिओत चाललेली सेटिंग इथे मे महिन्यात पिस्टन फोडू शकते.

म्हणून क्रम उलटा धरावा. आधी मोठा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि त्यावर वारा येईल अशी जागा. साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते, 10 किंवा त्याहून जास्त असतं. ते उतरवायला पिस्टन बदलावे लागतात, नाहीतर बूस्ट फारच थोडा ठेवावा लागतो. मग मोठे इंजेक्टर, पंप, ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं) नवं मॅपिंग, क्लच. दोन टर्बो म्हणजे तेलाच्या दोन नळ्या येणाऱ्या आणि दोन जाणाऱ्या. जाणारी नळी जाड हवी आणि उताराने खाली यायला हवी, कारण तेल तिथून नुसतं वजनाने परततं. ती दबली की तेल सीलमधून बाहेर पडतं आणि गाडी निळा धूर मारते. हे आपल्या मिस्त्रीला कुणी सांगायला नको, ट्रकवर तो हेच पाहत आला आहे. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच तापलेला असतो, लोखंड लाल होईतो, एवढं मात्र नव्याने शिकावं लागेल.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. असा बदल केलेली गाडी समृद्धीवर काढली तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. ज्या पोराला हे शिकायचंच आहे त्याने भंगारातलं इंजिन स्टँडवर चढवावं, बूस्टचं मीटर लावावं, आणि एका टर्बोचं तेल, हवा आणि उष्णता जुळल्याशिवाय दुसऱ्याची फ्लँज (टर्बो बसवायची जोडपट्टी) कापू नये.