शाकारणी आणि वादळाचा मागोवा

पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, वासे-रिपा तपासून, फुटकी कौले बदलून छप्पर पुन्हा बसवण्याच्या कामास कोकणात शाकारणी म्हणतात. गवती छपरावर नवे गवत घालणे यालाही हाच शब्द आहे. काम मुख्यतः एप्रिल-मेमध्ये चालते. मोसमी पाऊस गोव्यात साधारणतः 5 जूनला व मुंबईत 11 जूनला पोहोचतो. त्याआधीचा वळीव आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळे मात्र उघड्या छपरावरच येतात, म्हणून कामाची आखणी आता रडार व उपग्रह यांच्या आधारे करणे शक्य व इष्ट ठरले आहे.

खाचेदार मंगलोरी कौल ओळीने काढता-बसवता येते, त्यामुळे एकावेळी एकच पाखे (छपराची एक उतरती बाजू) उघडता येते. या कौलाचा आरंभ कोठे 1860, तर कोठे 1865 असा दिला जातो. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या मंगलोर येथील कारखान्यापुरते 1865 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. एकमेकांत बसणाऱ्या कौलाचा मूळ आराखडा मात्र त्याहून जुना असून तो सामान्यतः फ्रान्समधील जिलार्दोनी बंधूंकडे (1841) नेला जातो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा नाऊकास्ट हा पुढील सुमारे 3 तासांपुरता इशारा असतो. तेवढ्या वेळात जितके छप्पर परत झाकता येईल तितकेच उघडावे, हा हिशेब त्यावरून धरता येतो. रडारचित्रावर विसंबताना अंतराचे भान हवे. रडारचा किरण अर्धा अंश वर धरलेला असेल, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे 200 किमी.वर तो जमिनीपासून सुमारे 4 किमी. उंचीवरून जातो व त्याखालचा पाऊस निसटू शकतो. सह्याद्रीचे कडेही किरण अडवतात. वळिवाचे ढग दुपारी बहुधा घाटमाथ्यावरच उभे राहतात. तेव्हा चित्र कोरे दिसले तरी पूर्वेचे आभाळ पाहण्याची गवंडी-सुतारांची सवय सोडू नये.

चक्रीवादळात अवधी अधिक मिळतो. विभागाच्या पद्धतीत सावधानतेचा इशारा साधारण 48 तास व धोक्याचा 24 तास आधी दिला जातो. मे 2021 मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, ऐन शाकारणीच्या दिवसांत. ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी दुपारी रायगड किनाऱ्यावर आले. जमिनीवर येण्याचे ठिकाण काही वृत्तांतांत श्रीवर्धन-दिवेआगर असे आहे. विभागाने ते अलिबागच्या दक्षिणेस दाखवले असून तेच येथे स्वीकारले आहे. अशा वाऱ्यात नुसती ताडपत्री टिकत नाही. कौले पूर्ण बसवून आढ्यावरचे (छपराच्या माथ्यावरचे) कोने, म्हणजे तेथील जोड झाकणारी कौले, चुन्या-सिमेंटात पक्के करणे आणि पत्र्यांचे हूक आवळणे ही कामे इशारा मिळताच हाती घ्यावीत. नवे पाखे उघडू नये.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किमी. परिघातील इशारा देते. तो येताच आढ्यावरच्या माणसाला आधी खाली उतरवावे. झाकपाक राहिली तरी चालेल.