हॉटेलातली भिशी

विदर्भातल्या खेड्यात चहाच्या दुकानाला ‘हॉटेल’ म्हणतात. मुक्कामाची सोय तिथे नसते. एक भट्टी, दोन बाकडी आणि गल्ल्याखाली उधारीची वही असते. चिखलदऱ्याच्या डोंगरात कॉफीचे मळे असले तरी खाली कपाशीच्या पट्ट्यात चालतो तो चहाच. या बाकड्यांवर रोज बसणाऱ्यांनी दरमहा ठरावीक पैसे जमवून आळीपाळीने उचलायचे, ही हॉटेलातली भिशी. वही अर्थातच हॉटेलवाल्याकडे असते.

भिशीचे दोन प्रकार. चिठ्ठीच्या भिशीत ज्याचे नाव निघेल तो रक्कम उचलतो. बोलीची भिशी जास्त रंगते. समजा, २० जण, माणशी ५०० रुपये, जमले १०,०००. एकाला आजच निकड आहे, तो म्हणतो, “मले ८,८०० द्या.” त्याहून खाली कोणी उतरले नाही, तर उरलेले १,२०० सगळ्यांत वाटले जातात, माणशी ६०. घेणाऱ्याच्या बाजूने हे व्याज आणि बाकीच्यांच्या बाजूने नफा, पण ‘व्याज’ हा शब्द तिथे कोणी तोंडातून काढत नाही. जूनमध्ये बियाण्याची घाई असते तेव्हा बोली खोल जाते. दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हातात आले की तीच भिशी उचलायला कोणी पुढे येत नाही. पीककर्जाचा बाजार पाहायचा तर तो इथे बाकड्यावर दिसतो.

हे सारे हॉटेलातच का जमते? गहाण काहीच नसते, असते ती माहिती. कोणाची विहीर आटली, कोणाची बंडी जिनिंगवरून परत आली, कोणाच्या घरी लग्न निघाले, हे सगळे हॉटेलवाल्याच्या कानावर आधी येते. पैसे उचलून बुडवले तर उद्या चहाला कुठे बसायचे, हीच जामिनकी.

लंडनची गोष्ट याच जातीची. एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहाचा उल्लेख १६८८ पासून सापडतो. १६९१ मध्ये ते लोम्बार्ड स्ट्रीटवर गेले. जहाजांचे कप्तान, मालक आणि व्यापारी तिथे जमत, कारण जहाजांच्या बातम्या तिथे मिळत. लॉइड स्वतः विमा उतरवत नसत, ते कॉफी विकत. पुढे याच बैठकीतून विम्याची जगप्रसिद्ध बाजारपेठ उभी राहिली, आणि तिथल्या गणवेशधारी सेवकांना आजही ‘वेटर’च म्हणतात. मुंबईच्या शेअरदलालांची सुरुवात वडाच्या झाडाखाली झाली; त्यांची संघटना १८७५ ची.

भिशी वाढते तशी अडचणही वाढते. २० जणांचे चेहरे वहीत मावतात. शेजारच्या चार गावांतले २०० जण आले की हॉटेलवाला निम्म्यांना ओळखत नाही आणि भिशी फुटण्याची भीती तिथूनच सुरू होते. १९८२ च्या चिट फंड कायद्यालाही बिननोंदणीचा असा धंदा चालत नाही. सरळ वाट पतसंस्थेची: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार तिची नोंदणी करता येते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे मात्र ठेवीदारांनी विसरू नये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही.

अशा हॉटेलाचे कल्पित चित्र रंगवायचे, तर ते फाट्यावरचे असेल. मागच्या खोलीत लोखंडी कपाट येईल, मग काचेचा दरवाजा, पासबुक, शिक्का आणि हॉटेलवाल्याच्या मुलाला ‘व्यवस्थापक’ ही पाटी. कर्जाचा अर्ज आला की तो कागद तपासेल, सातबारा पाहील, आणि पोऱ्याला हाक मारेल: “चार चहा सांग, अन् बाबांले विचार, हा माणूस कसा हाय.”