तिसरीच्या पोटातली तिजोरी

कोळंबी खाऊन व्हिटॅमिन सीची गोळी घेतली तर पोटात आर्सेनिकचं विष तयार होतं, तैवानमध्ये एक बाई अशीच गेली, हा व्हॉट्सॲपवरचा जुनाच निरोप मला परवा पुन्हा आला. तो खरा असता तर तळलेल्या कोळंबीवर लिंबू पिळणारी अख्खी कोकणपट्टी केव्हाच ओस पडली असती! कोळंबीत आर्सेनिक असतं, हे खरं. पण ते बहुतेक सगळं आर्सेनोबिटेन या निरुपद्रवी रूपात असतं. शरीर त्याला हातही लावत नाही आणि थोड्याच दिवसांत ते लघवीवाटे निघून जातं.

ज्याची खरोखर चौकशी करायला हवी, तो धातू अशा निरोपांत कधीच नसतो. त्याचं नाव कॅडमियम, आणि त्याचं घर कोळंबीत नव्हे, तर तिसऱ्या, शिणाण्या, कालवं या शिंपल्यात राहणाऱ्या जिवांत.

हे जीव पाणी गाळून जगतात. एक मोठी शिणाणी तासाला लिटरभर तरी पाणी कल्ल्यांतून काढते. मासा पोहून दुसरीकडे जातो, ही मात्र खडकाला चिकटून जागच्या जागी. म्हणूनच 1975 मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने सुचवलं, की समुद्राची तब्येत पाहायची तर शिणाण्याच तपासा.

पण धातू आत शिरतो कसा? इथे मला रसायनशास्त्राची खरी गंमत वाटते. कॅडमियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आकाराने जवळजवळ कॅल्शियमच्या आयनाएवढा आणि विद्युतभारही तोच, दोन धन. शिंपला बांधायला कॅल्शियम लागतंच, त्यामुळे कल्ल्यांच्या पेशींत कॅल्शियमसाठी दारं असतात. त्याच दारांतून हा तोतया आत येतो. आत आल्यावर त्याची गाठ मेटॅलोथायोनिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाशी पडते. हे प्रथिन पहिल्यांदा 1957 मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. सस्तन प्राण्यांत त्याच्या साखळीचे दुवे, म्हणजे अमिनो आम्लं, अवघे एकसष्टच्या आसपास, आणि त्यांतले वीस सिस्टीन, म्हणजे गंधक बाळगणारे. गंधकाला कॅडमियमची भारी ओढ. एक रेणू असे सात आयन कवटाळून बसतो. शिणाणीच्या प्रथिनाचीही घडण अशीच, जवळपास दर तिसरा दुवा सिस्टीन. धातू असा बांधला गेला की पेशीतल्या इतर प्रथिनांची मोडतोड टळते आणि तिसरी मजेत जगते. पाण्यात ज्याचा जेमतेम मागमूस, तो तिच्या अंगात हजारो पटींनी साठतो, आणि बाजारातल्या वाट्यावर ती तितकीच टवटवीत दिसते.

कधी कधी रंग चहाडी करतो. 1986 मध्ये तैवानच्या एका नदीमुखाशी, भंगारातून धातू काढण्याच्या धंद्यामुळे, कालवं चक्क हिरवी झाली होती. पण तो रंग तांब्याचा. कॅडमियमला ना रंग, ना वास, ना चव.

तिसरीने जपून ठेवलेलं आपण खातो, आणि आपलं शरीरही तोच डाव खेळतं. यकृत कॅडमियमला याच प्रथिनात गुंडाळतं. ही पुडकी रक्तातून मूत्रपिंडात पोचतात, तिथल्या नलिका ती परत शोषून घेतात, प्रथिन पचवतात, आणि मोकळा झालेला धातू पुन्हा नव्या प्रथिनात बांधतात. बाहेर जायची वाटच जवळपास नाही. निम्मं कॅडमियम जायला 10 ते 30 वर्षं लागतात. साठा फार वाढला की नलिका झिजतात, पुढे हाडं ठिसूळ होतात.

आतडं एरवी खाण्यातल्या कॅडमियमपैकी थोडंसंच आत घेतं. पण अंगात लोह कमी असेल तर लोहाची दारं वाढतात आणि त्यांतून तेही जास्त शिरतं. रक्तक्षय असलेल्या बायका आपल्याकडे किती आहेत, हे सांगायला नको.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे महिन्याला 25 मायक्रोग्रॅम कॅडमियम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 1250. युरोपात शिंपल्यांच्या किलोभर मांसात 1 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालतं. मांस नेमकं त्या काठावरचं असेल आणि आठवड्याला 200 ग्रॅम खाल्लं, तर महिन्याचे 800 तिथेच संपले. भात आणि पालेभाज्यांतलं वेगळं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर तिसऱ्यांना दोष देऊच नये, तंबाखूमुळे त्याच्या अंगात आधीच सुमारे दुप्पट कॅडमियम असतं. स्वच्छ पाण्यातल्या शिंपल्यांत हे प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ खाली असतं, त्यामुळे महिन्यातून दोनदा तिसऱ्यांची एकशिपी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

रात्रभर पाण्यात ठेवल्या की तिसऱ्या वाळू ओकतात. स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोनेक दिवसांत बरेचसे जंतूही जातात. धातू मात्र सुटायला आठवडे, महिने लागतात. उकळून तो मरत नाही, कारण तो मुळात जिवंत नसतो. हळदीने जात नाही, आणि बाटलीतल्या ‘डिटॉक्स’ रसाने तर मुळीच नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच, की वाटा कुठल्या खाडीचा? कारखान्यांचं सांडपाणी जिथे उतरतं, तिथला नको. आणि खेकडा खाताना कवटीतला तपकिरी गर दर वेळी चाटूनपुसून खाऊ नये. ती त्याची पाचक ग्रंथी, आणि त्याची तिजोरी तिथेच असते. नांगीतलं पांढरं मांस खुशाल खा.