नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके

नाशिक हा द्राक्षांचा जिल्हा. पानावर डाग दिसला की भुरी की डावणी, हा प्रश्न इथे आपोआप मनात येतो आणि पाठोपाठ फवारणीचा पंप बाहेर निघतो. शेतात ही सवय उपयोगाचीच आहे. पण तीच नजर सावलीतल्या नेच्यांकडे, म्हणजे फर्नकडे वळली की घोटाळा होतो. पावसाळ्यात पान उलटं करून पाहिलं तर मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. मग ‘रोग लागला’ म्हणून धडधाकट पानं कापली जातात, बुरशीनाशक मारलं जातं. हा रोग नव्हे. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याची पुढची पिढी या ठिपक्यांत असते.

ओळखायला फार अवघड नाही. हे ठिपके पानाच्या मागच्याच बाजूला आणि शिस्तीत असतात. नेफ्रोलेपिस जातीच्या नेच्यात ते पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, कडेने ओळीत बसतात, बर्ड्स नेस्टमध्ये शिरांना धरून तिरक्या रेघा असतात, तर हंसराजात ते कडेच्या दुमडीखाली लपलेले असतात. खवले कीडही तपकिरीच असते, पण ती देठावर, पानावर कुठेही वेडीवाकडी बसते, नखाने खरवडली तर सुटते आणि पान चिकट करते. तिचा बंदोबस्त जरूर करावा.

एका ठिपक्यात अनेक बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्या असतात; बीजाणू म्हणजे नेच्यात बीचं काम करणारे धुळीसारखे कण. प्रत्येक बीजाणुधानी मिलिमीटरहूनही लहान, आणि बहुतेक नेच्यांत तिच्यात 64 बीजाणू. तिच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक ओळ जाते. तिला वलय म्हणतात, आणि त्यात साधारण 12-13 पेशी असतात. या पेशींची आतली आणि बाजूची भिंत जाड, बाहेरची मात्र पातळ. सगळी करामत या असमानतेत आहे.

पाऊस थांबून हवा कोरडी झाली की पातळ भिंतीतून पाणी उडून जाऊ लागतं. आतलं उरलेलं पाणी तुटत नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना आणि भिंतीला घट्ट धरून असतात. परिणामी पातळ भिंत आत ओढली जाते, बाजूच्या जाड भिंती एकमेकींकडे झुकतात, आणि असं सगळ्या पेशींत झाल्यामुळे पूर्ण वलय मागे वाकत जातं. बीजाणुधानी फाटून उघडते, तिचा वरचा भाग बीजाणूंसकट मागे खेचला जातो. या वेळी पेशींतलं पाणी दाबाखाली नसतं, ताणाखाली असतं. दाब शून्याच्याही खाली, ऋण बाजूला जातो आणि वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पटींचा ताण तयार होतो. शेवटी पाण्याला तो पेलवत नाही. पेशींमध्ये जवळपास एकाच वेळी बुडबुडे तयार होतात, ताण क्षणात सुटतो आणि वलय झटक्यात पुढे येतं. बीजाणू सेकंदाला सुमारे 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगाने बाहेर पडतात.

आता यातला सर्वांत सुंदर भाग. किल्ल्यावर दगड फेकणाऱ्या जुन्या यंत्रात फिरणारा दांडा मधेच अडवायला आडवं लाकूड लागायचं; दांडा अडला की दगड सुटायचा. नेच्यात असं लाकूड नाही. मग वलय पूर्ण मिटून बीजाणू पुन्हा आतच का अडकत नाहीत? फ्रान्समधल्या झेवियर नोब्लाँ आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर 2012 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं. वलयाची हालचाल दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा काही दहा मायक्रोसेकंदांचा (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), आणि त्यात वलय अर्धवटच परततं. उरलेली वाट ते सेकंदाच्या काही दशांशांत, त्या मानाने अगदी सावकाश कापतं, कारण दाट पेशीभिंतीच्या बारीक छिद्रांतून पाण्याला सरकायला वेळ लागतो. हा चिकट अडथळाच आडव्या लाकडाचं काम करतो. ना स्नायू, ना मज्जातंतू. नुसत्या वाळण्यावर हे सगळं चालतं.

पाण्याच्या या खेळावरून आठवलं. तीर्थस्थळी वाळलेल्या काड्यांचा गोळा ‘संजीवनी’ म्हणून विकला जातो. पाण्यात टाकला की उलगडतो. ती सेलाजिनेला, नेच्यांची दूरची नातलग. कोरडेपणात तग धरण्याची तिची क्षमता खरोखर अभ्यास करण्याजोगी आहे. पण पेशीभिंतींनी पाणी शोषलं की अशी उघडझाप मेलेल्या रोपातही होऊ शकते. तिचा आजारी माणसाला बरं करण्याशी संबंध जोडू नये, आणि डोंगरावरून ती उपटून आणलेली विकतही घेऊ नये.

बाहेर पडलेल्या बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर नर आणि मादी पेशी बनतात, आणि नरपेशी पोहत मादीपेशीकडे जातात. त्यांना पाण्याचा पातळ थर लागतोच. म्हणून फेकण्यासाठी कोरडी हवा आणि फलनासाठी ओल, अशा दोन्ही गोष्टी नेच्याला हव्यात. इगतपुरीच्या बाजूला घाटात तो आपसूक फोफावतो. नाशिक शहरात पाऊस त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे इथे तो जुन्या विहिरीच्या आणि ओलसर भिंतींच्या फटी शोधतो.

बागेतही तीच फट तयार करायची आहे. घराची उत्तर किंवा पूर्व बाजू, झाडाखालचा गाळीव उजेड. नुसती काळी माती नको; ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. पानांचं कुजलेलं खत, कोकोपीट आणि जाडसर वाळू मिसळावी. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर येत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं.

बीजाणूंपासून रोपं करायची असतील तर ठिपके गडद तपकिरी झालेलं पान कागदाच्या पाकिटात ठेवावं. एक-दोन दिवसांत तळाशी बारीक भुकटी जमते. ती उकळत्या पाण्याने धुतलेल्या विटेच्या तुकड्यावर भुरभुरावी, वीट पाण्याच्या बशीत ठेवून वर काचेचं भांडं पालथं घालावं आणि सावलीत ठेवावं. काही आठवड्यांनी हिरवे पापुद्रे दिसतात, त्यानंतर पहिलं पान यायला महिने लागू शकतात. पापुद्रे दिसू लागले की अधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा मारावा. त्याशिवाय नरपेशींना पोहायला वाट मिळत नाही.