आरोग्य संशोधन ही श्रीमंत देशांची मक्तेदारी नव्हे

'संशोधन श्रीमंत देशांनी करावे, आपण दवाखाने वाढवावेत' हा समज गोव्यातही वर्षानुवर्षे ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. 'विकासासाठी आरोग्य संशोधन आयोग' या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 1990 मध्येच दाखवून दिले होते की, जगात आरोग्य संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी जेमतेम 5 टक्के रक्कम विकसनशील देशांच्या प्रश्नांवर खर्च होते. म्हणून या देशांनी आपल्या आरोग्यखर्चाचे किमान 2 टक्के संशोधनासाठी राखावेत, अशी शिफारस आयोगाने केली.

दुसऱ्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे का चालत नाहीत, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातीलच एका अभ्यासात स्पष्ट दिसते. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगत' संस्थेच्या या अभ्यासात नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांची मदत मिळाली, तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. जिथे ही मदत नव्हती तिथे हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा ठळक फरक पडला नाही. एवढ्याशा राज्यात ही तफावत! ती शोधायला प्रशिक्षित संशोधक, रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणारी नैतिकता समिती, चोख नोंदी आणि निष्कर्षांची दखल घेणारे आरोग्य खाते लागते. परदेशी निधी संपताच पांगणाऱ्या चमूवर हे काम सोपवता येत नाही.